हमाम बादगर्दमधला पोपट

सरकत जवळ येणाऱ्या भिंती, पाऊल चुकताच उघडणारे तळघर, उत्तर चुकले की दगड होणारा माणूस. पडद्यावर असे काही दिसले की आजची मुले त्याचे श्रेय हॉलिवूडला देऊन मोकळी होतात. इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट १९८१ सालचा. आपल्याकडे या सापळ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून नाव होते, तिलिस्म. ज्यांच्या घरात हा शब्द बोलला जात होता, त्यांनीच तो विसरावा याचे मात्र वाईट वाटते.

तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे. दास्तानगोंच्या लेखी ती जादूगाराने बांधलेली आणि स्वतःच्या कायद्याने चालणारी दुनिया असते. आत जाता येते, बाहेर पडता येत नाही. ती कोणाच्या हातून फुटणार हे आधीच ठरलेले असते. त्या तिलिस्मकुशाला ‘लौह’ म्हणजे पाटी मिळते आणि पुढची युक्ती त्या पाटीवर उमटते. पाटी न पाहता पाऊल टाकले की माणूस अडकलाच. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्मे होशरुबा’ छापायला घेतली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. अमीर हमजाची सारी दास्तान छापून झाली तेव्हा तिचे ४६ खंड भरले.

मराठीतही त्या काळी अद्भुताची हौस कमी नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ १८६१ पासून आणल्या, पण त्या आल्या इंग्रजीवरून. बगदादची गोष्ट लंडनला वळसा घालून पुण्यात पोचली. शेजारच्या मोहल्ल्यात तीच गोष्ट उर्दूत वाचली जात होती. दोन्ही वाचक एकाच पेठेतले, पण त्यांची गाठ पडली नाही. ती पडली पुढे, सिनेमाच्या तंबूत.

या सगळ्यात आमचा लाडका हातिमताई. तो कल्पनेतला नव्हे. तय कबिल्याचा हा दानशूर कवी इस्लामपूर्व अरबस्तानात होऊन गेला. त्याची मुलगी कैदी म्हणून मदिनेत आली तेव्हा वडिलांच्या औदार्याची कदर करून प्रेषितांनी (स.) तिला सन्मानाने मुक्त केले आणि त्याचा मुलगा अदी पुढे सहाबी झाला, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. फारसी किस्सेकारांनी या हातिमला सात सवालांच्या सफरीवर धाडले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरबख्श हैदरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो किस्सा उर्दूत उतरवला.

सवाल घालते हुस्नबानू, तिच्यावर आशिक असतो शहजादा मुनीर शामी, आणि जीव धोक्यात घालतो हातिम! स्वतःसाठी त्याला काहीच नको असते. खजिन्यासाठी भुयारात शिरणाऱ्या नायकापेक्षा हा गडी मला फार मोठा वाटतो.

सातवा सवाल हमाम बादगर्दचा. आत गेलेला परत येत नाही असे ते न्हाणीघर. हातिम आत शिरतो, न्हावी त्याच्या अंगावर पाणी ओततो, अंधार होतो आणि पाणी चढत चढत घुमटाला भिडते. त्यातून सुटतो तो एका महालात. तिथे जागोजागी दगडी माणसे, पिंजऱ्यात एक पोपट, शेजारी धनुष्य आणि तीन बाण. पोपट टिपला तर सुटका. पहिला बाण चुकतो, हातिम गुडघ्यापर्यंत दगड होतो. दुसरा चुकतो, कमरेपर्यंत. तिसऱ्या वेळी तो डोळे मिटतो, अल्लाहचे नाव घेतो आणि बाण सोडतो. पोपट पडतो, तिलिस्म फुटते, सगळी दगडी माणसे जिवंत होतात. नेमबाजीने सुटणारे हे कोडे नव्हतेच. जादूच्या गोष्टी म्हणजे गुमराही, असे म्हणणाऱ्या आमच्या बुजुर्गांनी हा तिसरा बाण नीट ऐकला होता का, अशी मला शंका येते.

मुंबईत हे पडद्यावर आणले कोणी? वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ (१९३३) लिहिला जोसेफ डेव्हिड यांनी. ‘आलम आरा’ (१९३१) हाही त्यांचाच. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजातले. निर्माते पारशी. ट्रिक फोटोग्राफीचे उस्ताद बाबूभाई मिस्त्री सुरतचे. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये त्यांनी अदृश्य माणसाच्या करामती काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हलवून दाखवल्या आणि ‘काला धागा’ हेच त्यांचे नाव पडले. होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सने ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और ४० चोर’ (१९५४) आणि ‘हातिमताई’ (१९५६) काढले. ‘हातिमताई’त जयराज आणि शकीला, संगीत एस. एन. त्रिपाठींचे. त्यात रफींनी गायलेली परवरदिगाराची विनवणी मुस्लिम घरांत सिनेमाचे गाणे म्हणून नव्हे, दुआ म्हणून ऐकली गेली.

त्याच १९५६ साली १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या कारंजा (घाडगे)सारख्या गावांना (वाशीमकडचे कारंजा लाड वेगळे) मुंबईची खरी ओळख सचिवालयापेक्षा अशा चित्रपटांनीच झाली असावी. समीक्षकांनी त्यांना ‘स्टंट’ म्हणून खालच्या रांगेत बसवले. ‘मुस्लिम सोशल’वर लेख लिहिले गेले. त्यात नवाब, मुशायरा, चिलमन. नवाब आमच्याकडे कुठले? कष्टकरी मुसलमानाला जवळचा वाटला तो दुसऱ्यासाठी सात कोस चालणारा हातिम, आणि त्याच्या हिंदू शेजाऱ्यालाही तोच.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. बाबूभाईंनी १९९० साली जितेंद्रला घेऊन ‘हातिमताई’ पुन्हा केला, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. २०१० साली ते गेले. दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले होते आणि त्यांच्याबरोबर ती कलाही गेली असे सगळे धरून चालले होते. शम्सुर्रहमान फारुकींच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारुकींनी २००५ साली दिल्लीतच ती पुन्हा उभी केली. पांढऱ्या अंगरख्यातले दोघे तख्तावर बसतात आणि होशरुबा सांगू लागतात. ना पडदा, ना काळा धागा.