चेकअप, पिकअप, लॉकडाऊन : ही नामे आली कुठून?

पनवेलजवळ कळंबोलीला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. या रस्त्यावरच्या ड्रायव्हरच्या तोंडी दोन शब्द हमखास असतात : ब्रेकडाऊन आणि पिकअप. इंग्रजीत ही नामे ‘ब्रेक डाऊन’ (बंद पडणे) आणि ‘पिक अप’ (उचलणे, वेग घेणे) या क्रियापदांपासून बनली. क्रियापदाला अप, डाऊन, आऊट, ऑफ असा छोटा शब्द लागून वेगळा अर्थ निघाला, की त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. चेकअप, बॅकअप, ड्रॉपआऊट, टेकऑफ ही त्यांच्यापासूनच तयार झालेली नामे. यांतली बरीचशी आधी बोलण्यात रुळली, मग छापली जाऊ लागली.

इंग्रजीत क्रियापद दोन शब्दांत लिहितात. नाम जोडून, नाहीतर मध्ये छोटी रेघ देऊन. नामात जोर पहिल्या भागावर येतो, क्रियापदात बहुधा दुसऱ्या. मराठीने घेतले ते मुख्यतः नाम. क्रियापदाचे काम आपण करणे, घेणे, होणे यांच्यावर सोपवले : चेकअप केलं, बॅकअप घेतला, गाडी पिकअप घेत नाही, आणि चक्क ‘गाडी ब्रेकडाऊन झाली’.

इथेच इंग्रजी लिहिताना घोळ होतो. कानाला एकच शब्द परिचित असल्याने ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘लॉगिन्ड’ असे रूप उमटते. भूतकाळाचा प्रत्यय मूळ क्रियापदाला लागतो : ‘लॉग्ड इन’. ‘फाइलचा बॅकअप घेईन’ हे इंग्रजीत लिहिताना ‘बॅक’ आणि ‘अप’ सुटे हवेत. स्पेलिंग तपासणारी सोय ही चूक बरेचदा सोडून देते, कारण सुटे आणि जोडलेले, दोन्ही शब्द कोशात आहेत.

काही अर्थ वाटेत बदलले. मराठीत माणूस ‘शो-ऑफ करतो’. इंग्रजीत तो माणूसच ‘शो-ऑफ’ असतो. ‘टेकअवे’ मात्र आपल्याकडे फारसे रुजले नाही, पार्सलने ती जागा आधीच घेतली होती.

‘लॉकडाऊन’ची गंमत वेगळी. कैद्यांना कोठडीत बंद ठेवणे हा त्याचा अमेरिकी तुरुंगांतला अर्थ. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘टाळेबंदी’ म्हटले. हा शब्द मात्र आधीपासून कामगारांच्या परिचयाचा होता : मालकाने कारखान्याला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवणे, म्हणजे इंग्रजीतले ‘लॉकआऊट’.