आष्टीपर्यंत आलेला पिंजरा

नोव्हेंबर २०२० च्या शेवटच्या आठवड्यात बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने पाठोपाठ तीन माणसं मारली. सुर्डी, किन्ही आणि पारगाव ही नावं राज्यभर पोचली. कापूस वेचणीचे दिवस होते आणि वेचायला रानात जाण्याची कुणाची छाती होत नव्हती. त्याआधी महिनाभर शेजारच्या पाथर्डी तालुक्यात लहान मुलं गेली होती. सगळ्या गावांची मागणी एकच होती: पिंजरा लावा. वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे बसवले, बाहेरून पथकं मागवली. तो बिबट्या एकाही पिंजऱ्यात शिरला नाही. तो करमाळ्याकडे सरकला, तिथेही माणसं मारली आणि १८ डिसेंबरला वांगी परिसरात गोळीने मेला.

आष्टीच्या लोकांनी पिंजरा मागितला यात नवल नाही. पोटचं पोर गेल्यावर माणूस दिसेल तो उपाय मागतो. पण बालाघाटच्या उजाड डोंगररांगांचा, जेमतेम जंगलाचा हा जिल्हा. इथलं नायगावचं अभयारण्य ओळखलं जातं ते मोरांसाठी. बिबट्याचा पिंजरा इथे पश्चिमेकडून आला. तो कुठून, कसा आणि कोणती समजूत घेऊन आला हे पाहिल्याशिवाय तो आष्टीत का हरला हे कळत नाही.

पिंजऱ्याची घडण साधी असते. लोखंडी गजांची लांबट पेटी, आत दोन कप्पे. मागच्या कप्प्यात शेळी किंवा करडू, मधे जाळी, पुढे वर उचललेला दरवाजा. सावजाच्या वासाने जनावर आत शिरलं, फळीवर पाय पडला की खटका निसटतो आणि दार खाली येतं. वरून उसाचं पाचट, झाडपाला टाकून तो झाकतात. शेळीला ओरखडाही उठत नाही. आत अडकलेला बिबट्या मात्र गजांवर धडका देतो आणि अनेकदा त्याचे सुळे, नखं तुटतात.

या पेटीच्या आधी माणसाकडे इतर वाटा होत्या. सह्याद्रीच्या पायथ्याला शेताच्या बांधावर वाघोबाचा दगड असे, वाघबारशीला त्याला नैवेद्य मिळे. इंग्रजी अमलात मारलेल्या जनावरामागे बक्षीस लागलं आणि बंदूक पुढे आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती खाली ठेवायला लावली. बिबट्या आज पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते आणि ती देण्याआधी तो जिवंत पकडता येत नाही अशी खात्री करावी लागते. याच कायद्याच्या व्याख्येत जनावर पकडणं हीसुद्धा शिकारच आहे, हे मात्र फारसं कुणी ध्यानात घेत नाही. बंदूक गेली तशी तिची जागा पिंजऱ्याने घेतली. मारायचं नाही, पण गावातून घालवायचं तर आहे, या दोन्ही गोष्टी त्याने साधल्यासारख्या वाटल्या.

त्याच काळात पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला धरणं झाली, कालवे आले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. बिबट्याला दाट आडोसा मिळाला, पाणी मिळालं आणि वस्त्यांवरची कुत्री मिळाली. बिबटिणी उसातच व्यायला लागल्या. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभरावर बिबटे पकडले गेले. त्यांतल्या अनेकांना माळशेज, भीमाशंकरच्या जंगलांत, काहींना तर थेट जळगाव जिल्ह्यातल्या यावलपर्यंत नेऊन सोडलं. रानाचं जनावर रानात गेलं, असा त्यामागचा हिशेब होता.

हा हिशेब तपासला तो वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी. पकडलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालायला सुरुवात झाली, म्हणजे तेच जनावर पुन्हा सापडलं तर ओळखता येईल. सोबत हल्ल्यांच्या नोंदी गाव आणि तारखेनिशी मांडल्या गेल्या. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधातले आकडे आजही अंगावर येतात. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते बिबटे हलवण्याच्या काळात सतरावर गेले. बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपास हल्ले वाढले. यावलच्या बाजूलाही हल्ले सुरू झाले.

कारण बिबट्याच्या स्वभावात आहे. मोठा झालेला बिबट्या आपला मुलूख पायाखाली घालून असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं किती वाजता दारं लावतात, हे त्याला ठाऊक असतं आणि म्हणूनच तो माणसाला टाळू शकतो. त्याला अनोळखी रानात सोडलं की तो घराकडे चालू लागतो, वाटेत नव्या वस्त्यांवर आदळतो. इकडे रिकाम्या झालेल्या मुलखात दुसरा, बहुधा तरुण आणि अनुभव नसलेला बिबट्या येतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेजजवळ सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो रेल्वेरूळ, महामार्ग, वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणाला नख लावलं नाही. २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला आणि चिपवरूनच तो आजोबा असल्याचं कळलं.

त्याहून मोठा धक्का अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याने दिला. जंगल नाही, सगळं शेतशिवार, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं; अशा १७९ चौरस किलोमीटरमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे निघाले, शिवाय तरस. अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याने एकही माणूस मारला नव्हता. विष्ठा तपासली तर खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा होता. शेळ्या चिकार असूनही त्यांचा वाटा कितीतरी कमी, कारण रात्री त्या कोंडलेल्या असतात. गळ्यात पट्टे बांधलेले बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळून जात आणि पहाटेआधी उसात परतत.

२०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडून दुसरीकडे सोडू नये असं सांगितलं. कागद झाला, पण सवय गेली नाही. पिंजरा लावला की गावाला कुणीतरी आल्यासारखं वाटतं, पुढाऱ्याला सांगायला काहीतरी मिळतं आणि वनरक्षक लोकांच्या रागातून सुटतो. त्यात जे जनावर अडकतं ते हल्ला करणारंच असेल असं नाही. शेळीचा वास ज्याला आधी लागला ते अडकतं. माणूस मारणारा, पिंजऱ्याला सरावलेला किंवा त्याला टाळणारा बिबट्या बाहेरच राहतो. आष्टीत तेच झालं. तशा जनावराला ओळख पटवून संपवावंच लागतं, यावर माझ्या मनात शंका नाही. पण त्या एकाच्या नावाने पन्नास शांत बिबटे उचलणं म्हणजे पुढच्या हल्ल्यांची तयारी करणं आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात पुन्हा जीव गेले, पुन्हा महामार्ग अडले आणि पुन्हा शेकडो पिंजऱ्यांची मागणी झाली.

या सगळ्यात बीडचा माणूस दोन्ही टोकांना आहे. दसरा-दिवाळी झाली की इथले ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात. फडाच्या कडेला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, दार नाही, दिवा नाही, संडास नाही. बाया पहाटेच्या अंधारात बाहेर जातात, लेकरं फडाच्या कडेला झोपवलेली असतात. बिबट्याच्या इतक्या जवळ, इतकं उघडं दुसरं कुणी राहत नाही. आणि कोयता चालवताना पाचटात डोळेही न उघडलेली बिबट्याची पिल्लं सर्वांत आधी दिसतात तीही यांनाच.

पूर्वी ती पिल्लं उचलून नेली जात आणि त्यांची आई त्या शिवारात रात्रंदिवस सैरभैर फिरे. आता जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवतात. दूर कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. हे जमायचं तर त्या फडातली तोड थांबवावी लागते आणि टनावर मजुरी असलेल्या कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या जोडीचा, तो दिवस बुडतो. हा बुडालेला रोज भरून द्यावा आणि प्रत्येक कोपीला पक्का निवारा, सौरदिवा आणि संडास मिळावा, ही जबाबदारी कारखान्यांनी उचलावी आणि सरकारने ती त्यांच्याकडून करून घ्यावी. पुढच्या पिंजऱ्यांची खरेदी करण्याआधी हा खर्च व्हायला हवा.