पॉर्फिरा
(तांबडी शैवले, कुल–बँगिएसी). सागरी शैवलांची एक प्रजाती. स्वीडिश शैवलविज्ञ कार्ल आगार्ड यांनी ती १८२४ मध्ये प्रस्थापित केली. कायक (शरीर) पातळ, पानासारखे, जांभळट तांबडे व कोशिकांच्या एका किंवा दोन थरांचे असून तळाशी असलेल्या चकतीसारख्या भागाने ते खडकास चिकटते. लैंगिक प्रजोत्पादनात फलनानंतर फलबीजुके निर्माण होतात. त्यांचे पुढे काय होते, हे दीर्घकाळ अज्ञात होते. शिंपल्यांच्या कवचांत वाढणाऱ्या एका तंतुमय शैवलास बॅटर्स यांनी १८९२ मध्ये कॉन्कोसेलिस रोझिया हे स्वतंत्र नाव दिले होते. पॉ. अंबिलिकॅलिसची फलबीजुके शिंपल्यांवर रुजवून ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू यांनी १९४९ मध्ये ते तंतू म्हणजे पॉर्फिराचीच एक अवस्था असल्याचे दाखविले. या शोधामुळे जपानमधील ‘नोरी’ या खाद्य शैवलाची लागवड निसर्गावर विसंबून न राहता शिंपल्यांवर ही अवस्था वाढवून करता येऊ लागली. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात खडकांवर पॉ. व्हिएटनामेन्सिस ही जाती वाढते. डीएनएच्या अभ्यासानंतर २०११ मध्ये ती आणि नोरीच्या प्रमुख जाती पायरोपिया या प्रजातीत समाविष्ट करण्यात आल्या. २०२० मध्ये पायरोपियाचीही विभागणी झाली. केवळ बाह्य रूपावर आधारलेले वर्गीकरण अपुरे ठरते, हे या प्रजातीच्या इतिहासावरून दोनदा दिसून आले.