त्यागाची अर्धी गोष्ट

महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या वेतनाचा विषय निघाला की कोणीतरी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ७५ रुपयांची आठवण काढतोच. संप असो वा वेतन आयोग, जुन्या गुरुजनांचा त्याग आजच्या पिढीपुढे आरशासारखा धरला जातो. आठवण खोटी नाही; पण ती अर्धी आहे.

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या प्रारंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेचा कणा म्हणजे तिचे आजीव सभासद. अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याचे वचन देऊन ते संस्थेत येत. सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळाले असते, हे आगरकरांना, टिळकांना आणि गोखल्यांना पुरते ठाऊक होते. गोखल्यांनी तर इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे समोर येईल ते शिकवले आणि १९०२ मध्ये ते निवृत्त झाले.

गोष्टीचा हा भाग सर्वांना पाठ असतो. विसरला जातो तो दुसरा भाग असा, की हे आजीव सभासद कोणाचे नोकर नव्हते. शिकवणारेच संस्था चालवीत होते. अभ्यास कसा घ्यावा, पैसा कोठे खर्चावा, नवा सहकारी कोण असावा, हे तेच आपसांत ठरवीत. वेतन तुटपुंजे होते. पण वीस वर्षांची निश्चिती होती आणि निर्णयात वाटा होता. त्यांच्या दारिद्र्याला व्रत म्हणता येते ते याच कारणाने. व्रत स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याने लादले तर तो दंड होतो.

हा वाटा किती खरा होता हे १८९० च्या कलहातून दिसते. आजीव सभासदाने बाहेर अर्थार्जन करावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. टिळकांचे म्हणणे, की जेसुइटांप्रमाणे सर्व वेळ आणि सर्व शक्ती संस्थेलाच द्यावी. इतरांचे म्हणणे, की एवढ्या वेतनात संसार भागत नाही, तेव्हा मोकळ्या वेळेतल्या मिळकतीला आडकाठी नसावी. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला. कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करायचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की त्यागाच्या त्या सुवर्णकाळातही पोट आणि व्रत यांचा झगडा होता, आणि तो समान अधिकाराची माणसे उघडपणे करू शकत होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुढे अनुदानित महाविद्यालयांतील वेतनाचा भार शासनाने उचलला. प्राध्यापकाला स्थैर्य आले, परंतु संस्थेचा कारभार बव्हंशी त्याच्या हातून संस्थाचालकांकडे गेला. हा व्यवहार तोट्याचा होता असे म्हणवत नाही. स्थैर्यामुळे काहींची पुस्तके मिटली हे खरे. पण त्याच स्थैर्यामुळे अनेकांनी निर्भयपणे शिकवले आणि लिहिले.

१९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचे युग आले. १९९१ मध्ये अध्यापकपदासाठी नेट परीक्षेची अट आली. पात्रता वाढत गेली, पदे मात्र भरली जाईनात, आणि रिकाम्या जागी तासिका तत्त्वावरचा अध्यापक उभा राहिला. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांना एकूण पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. परंतु तासांवर मोजल्या जाणाऱ्या माणसाला 'पद' नसतेच. घेतलेल्या तासांचे तेवढे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ज्यांच्याशी मतभेद व्हावेत, त्यांच्याच मर्जीवर पुढची नेमणूक. टिळकांनी राजीनामा देऊन आपली बाजू मांडली. याच्याजवळ राजीनामा द्यायलाही काही नाही.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. फर्ग्युसनच्या त्या पहिल्या मंडळातले आजीव सभासद ब्राह्मण समाजातले होते. विद्येची परंपरा आणि ओळखीपाळखीचा आधार त्यांच्या त्यागामागे होता. आज तासिकांवर धावणाऱ्यांत अनेकजण आपल्या घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले आहेत. शेतमजूर आईबापांनी शिकवलेला मुलगा नेट होतो, पीएच.डी. होतो आणि दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत एसटीने तास घेत फिरतो. त्याच्यासाठी दार उघडले खरे, पण तोवर आतली खुर्ची काढून घेतलेली होती.

त्याला गोखल्यांचे ७५ रुपये ऐकवणाऱ्यांनी गोष्ट पुरी सांगावी. त्या रुपयांबरोबर वीस वर्षांची हमी होती, कारभारात मत होते आणि 'नाही' म्हणण्याची मुभा होती. हे तिन्ही काढून घेतल्यावर जे उरते त्याला त्याग म्हणणे हा त्या जुन्या माणसांचाही अवमान आहे.