पाली ग्रंथांची अक्षरजुळणी : शिशाच्या खिळ्यांपासून ‘टेक’पर्यंत

पाली भाषेत ‘पाण’ म्हणजे प्राणी, ‘पान’ म्हणजे पेय आणि ‘पन’ हे ‘परंतु’ या अर्थाचे अव्यय होय. देवनागरीत या तिन्ही शब्दांची गल्लत होण्याचे कारण नाही. रोमन लिपीत मात्र डोक्यावरची रेघ आणि पायाखालचे टिंब गळाले की तिन्ही शब्द एकच होतात. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाकडून आमच्या इंग्रजी लेखाची मुद्रिते आली, तेव्हा रेघा शाबूत होत्या, पण टिंबे नाहीशी झाली होती. परिणामी पंचशीलातील पहिल्या शीलाने उपासकाला प्राणिहिंसेपासून नव्हे, तर पेयाच्या हिंसेपासून विरत केले होते. आम्ही हसलो खरे, परंतु दुरुस्त्या करून पाठवलेल्या पानांवर पुन्हा तीच चूक छापून आली, तेव्हा हसू मावळले. आपला लेख आपणच जुळवावा, हा विचार त्या दिवशी मनात आला.

पाली ग्रंथांच्या बाबतीत अक्षराची काळजी ही काही नवी गोष्ट नव्हे. वट्टगामणी राजाच्या काळी सिंहलद्वीपात त्रिपिटक ग्रंथारूढ झाले. मंडालेच्या मिंडोन राजाने ते ७२९ संगमरवरी शिळांवर कोरविले. मुद्रणाच्या युगात १८५५ मध्ये फाउसबोल यांनी कोपनहेगन येथे धम्मपद लॅटिन भाषांतरासह रोमन लिपीत प्रसिद्ध केले. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली, तर १८९३ मध्ये सयामच्या चुलालोंगकोर्न राजाने सयामी लिपीत ३९ खंडांची आवृत्ती काढविली. देवनागरीचा क्रम पुष्कळ नंतर लागला. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत वाडेकरांचा मिलिन्दपञ्हो १९४० मध्ये निघाला. त्याच वर्षी आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला विसुद्धिमग्गही देवनागरीत आला. भिक्षू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली नालंदाहून ४१ खंडांत संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत येण्यास १९५६ ते १९६१ हा काळ लागला. ही सर्व कामे खिळे जुळवणाऱ्यांच्या हातची होती. संपादकांची नावे आपण आदराने घेतो, पण ज्यांनी ‘ञ्ह’ आणि ‘ण्ह’ यांचे वेगवेगळे खिळे नेमके उचलले, त्या कामगारांची नावे कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्याला ४२ वर्षे लागली. त्यातील एका कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांत आहेत. हे पुस्तक हाती धरले की ते जुळवणाऱ्याची आम्हाला आठवण येते. एकाच पानावर तीन लिप्या सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आता संगणकाकडे वळू. १९७७ मध्ये अमेरिकेतील गणिती डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली होती आणि नवी प्रकाशजुळणीची. नवी पाने क्नूथ यांना इतकी विरूप वाटली, की स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहिण्याचे त्यांनी ठरवले. काम एका वर्षात आटोपेल अशी त्यांची अटकळ होती, प्रत्यक्षात जवळपास दहा वर्षे गेली. ही प्रणाली म्हणजे ‘टेक’. कलाकौशल्यवाचक ग्रीक शब्दावरून तिचे नाव पडले. आपल्या ग्रंथांत चूक दाखवून देणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवण्याची त्यांची २००८ पर्यंतची प्रथा प्रसिद्ध होती. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर ‘लाटेक’ची रचना केली आणि त्याचे मार्गदर्शक पुस्तक १९८६ मध्ये आले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९९१ ची. त्या वर्षी हॉलंडमधील ग्रोनिंगन येथील फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरी अक्षरसंच सिद्ध केला. साध्या इंग्रजी कळफलकावरून देवनागरी लिहिता यावी म्हणून त्यांनी एक लिप्यंतर योजले. दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ हे अक्षर दोनदा, मूर्धन्य व्यंजनाआधी टिंब आणि ‘ञ’साठी ‘एन’च्या आधी लहरीचे चिन्ह, अशी त्याची पद्धत. ही योजना इतकी सोयीची ठरली की जगभरातील पाली अभ्यासक रोमन पालीही तशीच लिहू लागले. त्याच वर्षीच्या पहिल्या युनिकोडमध्ये १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावर आधारलेली देवनागरी होती. टिंबयुक्त रोमन अक्षरे १९९३ मध्ये आली. तरीही आपल्याकडे पुढची बरीच वर्षे प्रत्येक फॉन्टची आपापली गुप्त लिपी चालू राहिली. आमचा एम.फिल.चा प्रबंध अशाच एका फॉन्टमध्ये टंकलिखित झाला. आज ती फाइल उघडली तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. ताडपत्राला कसर लागते हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत होतो, आमच्या प्रबंधाला ती अवघ्या दहा वर्षांत लागली.

लाटेक शिकायला आम्ही बसलो तेव्हा पाली शिकताना जितके गोंधळलो नव्हतो तितके गोंधळलो. येथे पान समोर दिसत नाही. मजकुरात तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा लिहायच्या, महिरपी कंस उघडायचे आणि मिटायचे, मग यंत्राला पान घडवायला सांगायचे. एक कंस मिटायचा राहिला तर चूक पहिल्या पानावर आणि तक्रार शेवटच्या पानावर. पहिले दोन आठवडे आम्ही केवळ कंस शोधले.

मात्र एक गोष्ट मनाला भिडली. टेक एकेक ओळ तोडत नाही, ते संपूर्ण परिच्छेद एकत्र विचारात घेऊन ओळी कोठे तुटाव्यात हे ठरवते. पालीचे लांब समास आले की त्याचीही पंचाईत होते. ‘पटिच्चसमुप्पाद’ हा शब्द कोठे तोडावा हे त्याला कळले नाही म्हणजे ओळ समासात घुसते आणि यंत्र तशी सूचना देते. आम्ही ‘पटिच्च’ आणि ‘समुप्पाद’ यांच्यामध्ये तोडण्याची खूण स्वतः करून ठेवली. पालीसाठी शब्दच्छेदाचे नियम तयार असल्याचे आम्हाला मागाहून कळले. असो.

खरा उपयोग पाठभेदांच्या वेळी झाला. बर्मी परंपरेतील छट्ठ संगायनाच्या पाठात ‘वीरिय’ आहे, तर पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत ‘विरिय’. तिकडे ‘ब्यापाद’, इकडे ‘व्यापाद’. अशी टीप ओळीच्या क्रमांकाला बांधावी लागते. पूर्वी एक वाक्य वाढवले की खालचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागत. जॉन लॅव्हॅग्निनो आणि संस्कृतज्ञ डोमिनिक वुयास्टिक यांनी १९९० च्या सुमारास टेकसाठी ‘एडमॅक’ हे साधन रचले. त्यात टीप शब्दाला बांधलेली असते आणि ओळीचा क्रमांक यंत्र दर वेळी नव्याने मोजते. त्याची आजची सुधारित रूपे आम्ही वापरली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आल्यापासून वेल्टहाउस यांच्या लिप्यंतराचीही गरज उरली नाही. देवनागरी सरळ देवनागरीतच लिहिता येते.

यंत्र पाठ निवडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये छट्ठ संगायनाची सीडी काढली तेव्हापासून कित्येक अभ्यासक तोच पाठ उचलतात आणि अन्य आवृत्त्या उघडण्याचे कष्ट घेत नाहीत. सुबक जुळणीमुळे असा लेख अधिक विश्वासार्ह दिसतो, हा एक नवा धोका आहे. आम्हीही त्यातून सुटलो नव्हतो. आमच्या पहिल्या देखण्या पानावर सयामी आवृत्तीचा एक पाठ आम्ही ती न पाहता दुसऱ्याच्या टीपेवरून घेतला होता. तो नंतर काढून टाकला.

लेख चार महिन्यांनी तयार झाला. ‘पाण’खालचे टिंब या वेळी जागेवर आहे. आता तो जुना प्रबंध आम्ही छापील प्रतीवरून पुन्हा युनिकोडमध्ये उतरवीत आहोत. रोज सायंकाळी दोन पाने होतात.