हात कामात, कान गोष्टीत



मागच्या आठवड्यात मी खिडकीपाशी तोरणाला मणी ओवत बसले होते, कानात इअरफोन. सासूबाईंनी तीनदा हाक मारली म्हणे. चौथ्या वेळी जवळ येऊन म्हणाल्या, "काय ऐकायलीस एवढं? घरात असून घरात नसतीस तू."

राग आला, खरं सांगते. मी काही टवाळक्या ऐकत नव्हते, एका डॉक्टरांची हाडांच्या आजारावरची मुलाखत चालू होती. पण रात्री वाटलं, हात गुंतलेले असताना कानानं शिकायची ही रीत माझी नाही, त्यांचीच आहे. आई चौथीपर्यंत शिकल्या. तरी भक्तामर तोंडपाठ, साती तत्त्वं क्रमानं सांगतात, आणि हे सगळं त्यांनी ऐकून मिळवलंय. आपल्याला श्राविका म्हणतात तो शब्दच मुळी 'श्रु' धातूपासून आला, ऐकणारी ती श्राविका.

जात्यापासून सुरुवात करू. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणत, समोरची ऐकत ऐकत पुढची जोडी. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्याही त्यात आहेत. सासर, माहेर, दुष्काळ, देव, मेलेलं मूल, सगळं त्यात आहे. पिठाची गिरणी आली, खांदे सुटले, आणि ती शाळा बंद पडली. गिरणीला मी नावं ठेवणार नाही. ज्यांना जात्याचं कौतुक वाटतं त्यांनी पायलीभर ज्वारी दळून बघावी.

आपल्या मंदिरातली शास्त्रसभा ही दुसरी शाळा. पंधराव्या शतकात गुणदासांनी श्रेणिकाचं चरित्र मराठी ओवीत लिहिलं. लातूरला भट्टारकांची गादी होती, तिथल्या परंपरेतही मराठी ग्रंथ झाले. पोथी एकाच्या हातात आणि ऐकणारे पुष्कळ, म्हणून तर ओवी. सासूबाई सांगतात, चातुर्मासात दुपारी वाड्यात एक काकू पोथी वाचत आणि बाकीच्या वाती वळत, गळण्याला टीप घालत, वाकळीला दोरा भरत. मात्र सामायिकात हे चालायचं नाही. तिथं ४८ मिनिटं हातही स्वस्थ हवेत. म्हणजे कामाबरोबरचं ऐकणं वेगळं आणि बसून ऐकणं वेगळं, हा भेद त्यांना पक्का ठाऊक होता.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. क्युबात हवानाच्या चिरूट कारखान्यात १८६५ साली कामगारांनी एक वाचणारा माणूस बसवला. शेकडो हात पानं वळत आणि तो उंचावर बसून वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्यानं वाची. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. तंबाखूचा धंदा आपल्याला पटणारा नाही, पण वर्गणी काढून ऐकायचं, हे मला फार आवडलं. दुसऱ्याच वर्षी सरकारनं त्यावर बंदी घातली. अंगठा लावणारी माणसं ऐकून ऐकून शहाणी व्हायला लागली, तर कुणाला तरी धास्ती वाटतेच. बंदी टिकली नाही, रीत टिकली.

आपल्याकडं ऐकण्याचं यंत्र आलं ते बायकांसाठी नव्हतं. हदगाव निजामाच्या राज्यात. हैदराबादचा दक्कन रेडिओ १९३५ साली सुरू झाला, भाषा मुख्यतः उर्दू. आमच्या आजेसासऱ्यांच्या ओळखीत एकाच घरी सेट होता आणि तो बैठकीत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शनचे ते चार-पाच दिवस सगळे पुरुष त्या बैठकीत कान लावून होते. बायकांना बातमी कळायची ती चहाचे कप परत आले की.

रेडिओ माजघरात आला तो ट्रान्झिस्टर झाल्यावर. विविध भारती १९५७ ची, पण सासूबाईंच्या हाताशी रेडिओ आला सत्तरच्या पुढं. कापूस विकून सासऱ्यांनी आणला, पोस्टात त्याचा परवाना काढावा लागला. परभणी केंद्र स्पष्ट लागे. आई त्याला चुलीपासून दूर, कोनाड्यात ठेवत आणि खाली बसून शिवत. मुंबई केंद्राच्या 'वनिता मंडळा'सारखे बायकांचे कार्यक्रम तेव्हा होते. नाकं मुरडणारेही होते, पण मुलाच्या जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यावं हे त्या रेडिओवरूनच शिकल्या. गावात ते कुणी सांगितलं नव्हतं.

गीतरामायण पुणे केंद्रावर १९५५ साली सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक अशी ५६ गाणी. आईंनी ते पुढं कधीतरी पुन्हा लागलं तेव्हा ऐकलं. रावणवधाच्या ठिकाणी त्या आजही सुई थांबवून म्हणतात, "आपल्यात लक्ष्मण मारतो." बरोबरच आहे, आपल्या पद्मपुराणात तसंच आहे. बघा, हात चालू, कान चालू, आणि आतून ताडून बघणंही चालू! मला याचाच हेवा वाटतो.

आता पॉडकास्ट. हा शब्द २००४ साली लंडनच्या 'गार्डियन'मधल्या एका लेखात पहिल्यांदा छापला गेला. आमच्या हातात तो आला २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. मी 'अमुक तमुक' नेमानं ऐकते. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम तज्ज्ञांना घेऊन बसतात, आरोग्य, मुलं, पैसा, नाती. विनायक पाचलगांची 'थिंक बँक' राज्यकारभार आणि अर्थकारणासाठी, सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' कलावंतांच्या गप्पांसाठी. इंग्रजी समजत असेल तर बीबीसी आणि ब्रिटिश म्युझियमची २०१० ची शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास सांगणारी मालिका सोडू नका. एक भाग साधारण पंधरा मिनिटांचा, तेवढ्यात तोरणाची एक ओळ होते.

पण एक चूक माझी मी कबूल करते. क्रोशाचा नवा नमुना घेऊन अर्थकारणाचा भाग लावला. पाऊण तासानं खांब मोजले तर दोन कमी, आणि भागातलं विचाराल तर काही आठवेना. दोन्ही उसवायची वेळ. तेव्हापासून मोजायचं काम असेल तर स्तोत्र किंवा ओळखीचं गाणं, आणि गळण्याची सरळ टीप किंवा वाकळीचे धागे असतील तरच नवं काही. आणि रोजचा स्वाध्याय या यादीत नाहीच, तो हात धुऊन, बसून.

सासूबाईंच्या त्या बोलण्याचं उत्तर मात्र नमुना बदलून मिळणारं नव्हतं. जातं, पोथी, ट्रान्झिस्टर, या सगळ्यांचा आवाज घरभर जायचा. ऐकणारी एकटी नसायची, मधेच कुणी तरी "हे खोटं आहे" म्हणायचं. इअरफोन लावला की मी शिकते आणि माझ्यापाशीच ठेवते. आईंना मोतीबिंदूमुळं आता वाचता येत नाही, त्यांना ऐकणं एवढंच उरलंय, आणि मी तेही कानात बंद करून बसले होते.

सोमवारपासून छोटा स्पीकर लावलाय. दुपारी तीन ते चार, त्या वाती वळतात, मी मणी ओवते. डॉक्टरांचा भाग दोनदा झाला, कॅल्शियमच्या गोळ्यांवर आमचा वाद झाला. काल वस्तूंची मालिका लावली. इंग्रजी, म्हणून थांबवत थांबवत मी मराठीत सांगत होते. आफ्रिकेतल्या ओल्डुवाईच्या घळीत सापडलेलं दगडी हत्यार, जवळपास वीस लाख वर्षांपूर्वीचं.

"त्यानं काय कापायचे?"

"मांस, आई. हाडंसुद्धा फोडायचे."

वात हातातच राहिली. मग म्हणाल्या, "बरं, पुढची वस्तू सांग."