फीतकृमीचा देहखंड : एका जीवशास्त्रीय संकल्पनेचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा व पैनगंगा या नद्यांचे पाणी प्राणहितामार्गे अखेर गोदावरीस मिळते. त्यामुळे गोदावरी खोऱ्यातील माशांच्या फीतकृमींचा अभ्यास जिल्ह्यातील प्राणिशास्त्र विभागांस परका नाही. या अभ्यासाचा इतिहास म्हणजे मुख्यतः ‘देहखंड’ या संकल्पनेचा इतिहास होय.

फीतकृमीच्या शरीराचे शीर्ष, मान व खंडमाला असे तीन भाग पडतात. नवे खंड मानेपाशी निर्माण होऊन जुने मागे सरकतात. बहुतेक जातींत प्रत्येक खंडात नर व मादी दोन्ही जननेंद्रिये असतात. मानेजवळचे खंड अपक्व, मधले पक्व, तर शेवटचे अंड्यांनी भरलेले असतात.

मानवी विष्ठेतून बाहेर पडणारे, हालचाल करणारे हे सुटे खंड युरोपात दीर्घकाळ स्वतंत्र कृमी मानले गेले. भोपळ्याच्या बियांशी असलेल्या साम्यावरून त्यांना नावही मिळाले. 1683 मध्ये एडवर्ड टायसन यांनी फीतकृमीच्या शीर्षाचे वर्णन केले. तरीही एकोणिसाव्या शतकातील अनेक अभ्यासक खंडमालेस अनेक प्राण्यांची वसाहतच समजत. डुकराच्या मांसातील पुटिका ही फीतकृमीचीच बाल्यावस्था होय, हे 1855 मध्ये क्युखेनमाइस्टर यांनी मृत्युदंड झालेल्या कैद्यावरील प्रयोगाने दाखविले. त्या प्रयोगाची नैतिक बाजू आज समर्थनीय ठरत नाही.

महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठाचे जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये मरळ कुळातील माशातील फीतकृमीवरून ‘सर्कमऑन्कोबॉथ्रियम’ ही प्रजाती स्थापिली. पुढील दशकांत राज्यात अनेक नव्या जातींची वर्णने झाली. शीर्षाच्या रचनेबरोबरच पक्व खंडातील वृषणांची संख्या व अंडाशयाचा आकार हे त्यांचे प्रमुख आधार होते. परंतु ही लक्षणे खंडाच्या पक्वतेनुसार आणि नमुना टिकविण्याच्या पद्धतीनुसार बदलू शकतात. ‘गँगेशिया’ प्रजातीच्या 2012 मधील पुनर्परीक्षणात मूळ नमुने, नवे नमुने व डीएनए यांचा एकत्रित विचार झाला. तेव्हा इंडो-मलाया प्रदेशातील चाळीसहून अधिक नावांपैकी केवळ चार जाती वैध ठरल्या.

सारांश, खंडास प्राणी मानणे आणि मोजक्या खंडांवरून जात ठरविणे, या दोन्ही चुका अंशास पूर्ण समजण्याच्या आहेत. स्थानिक संशोधनाचे मोल नव्या नावांच्या संख्येत नसून अनेक कृमींच्या तुलनेत व संग्रहालयात जपलेल्या नमुन्यांत आहे. नमुना उपलब्ध असेल, तरच पुढील पिढीस मागील निष्कर्ष तपासता येतो.